जोड

कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या आमच्या पट्ट्यात दोन पिकं हमखास येतात. एक ऊस आणि दुसरं पैलवान. उसाला भाव मिळो न मिळो, पैलवानाला जत्रेत मान मिळतोच. मी स्वतः काही मोठा पैलवान झालो नाही. दहावीपर्यंत शिकलो, मग शेती केली. पण लंगोट लावून मातीत उतरलेला माणूस कुस्तीकडं बघायचं विसरत नाही. म्हणून हा लेख कुस्तीवाल्याच्या नजरेनं लिहिलाय. विषय मात्र थोडा निराळा आहे. ज्याचा हात, पाय, डोळा किंवा कान गेला, त्यानं लढायचं की नाही? आणि लढायचं तर कुणाशी?

शहरातल्या वाचकाला एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे. जत्रेच्या फडात कुस्ती सुरू व्हायच्या आधी जोड लावायचं काम असतं. पंच मंडळी फडात उभी असतात, त्यात बहुतेक जुने पैलवान. पोरगं कपडे काढून पुढं आलं की त्याच्या मानेवरनं, दंडावरनं नजर फिरवतात. दुसऱ्या गावचं पोरगं त्याच्या शेजारी उभं करतात. उंची बघतात, छाती बघतात, कुठल्या तालमीचा, मागच्या जत्रेत कुणासंगं लढला ते विचारतात. वजनकाटा नसतो, सगळा हिशोब नजरेचा. पटलं की दोघांचे हात वर धरून इनाम पुकारतात आणि हलगी कडाडते. जोड चुकली तर लोक गप्प बसत नाहीत. "आरं, म्हशीसंगं रेडकू लावलंय!" म्हणून ओरडतात. कुस्तीतला न्याय हा डाव टाकायच्या आधीच, जोड लावताना होत असतो.

माझ्या थोरल्या चुलतभावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. १९७६ साली, मी दहावीला होतो तेव्हा, इंजिनावरच्या कडबाकुट्टीत त्यांचा उजवा हात कोपराच्या खाली गेला. वय चोवीस. पंचक्रोशीत त्यांच्या ढाकेचं नाव होतं. जखम भरली तसे ते परत तालमीत यायला लागले. बैठका मारायच्या, एका हातानं माती उकरायची, पोरांना धरायचं. सरावात पोरं त्यांच्याशी मन लावून खेळायची आणि कैक वेळा पाठीवर पडायची. पण जत्रेत अण्णा लंगोट लावून उभे राहिले की पंचांची नजर त्यांच्यावरनं पुढं सरकायची. एका म्हाताऱ्या पंचाला मी विचारलं. तो म्हणाला, "कुणासंगं लावू, सांग? ह्याला पाडलं तर लोक त्या पोराच्या तोंडावर थुकतील. आन् ह्यानं पाडलं तर ते पोरगं गावात तोंड दाखवायचं न्हाई." तो दुष्टपणानं बोलत नव्हता, खरं तेच सांगत होता. तीन जत्रा अण्णा असे उभे राहिले. चौथ्या जत्रेला फडाकडं आलेच नाहीत. मला म्हणाले, "हात गेल्याचं काय न्हाई रं. जोड गेली."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढं वर्तमानपत्रं, मासिकं, गावच्या वाचनालयातली पुस्तकं यांतून जे जे मिळत गेलं ते वाचत गेलो. तेव्हा कळलं की अण्णांचा प्रश्न जगात पुष्कळ जणांना पडला होता आणि काहींनी त्याचं उत्तरही काढलं होतं.

या गोष्टीची सुरुवात इंग्लंडातल्या एका दवाखान्यात होते. लुडविग गुटमन नावाचे ज्यू डॉक्टर हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून १९३९ साली इंग्लंडला आले. दुसऱ्या महायुद्धात पाठीच्या कण्याला मार बसलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली स्टोक मँडव्हिल इथं खास विभाग उघडला, तो त्यांच्या हाती दिला. त्या काळी कणा मोडलेला माणूस अंथरुणात पडायचा आणि पाठीला जखमा होऊन, लघवीचा विकार होऊन थोड्या दिवसांत जायचा. त्याला उठवून बसवावं, त्याच्याकडनं खेळून घ्यावं, हा विचारच कुणी करत नव्हतं. गुटमन यांनी तो केला. खेळ हे त्यांच्या दृष्टीनं औषध होतं. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झालं. नेमक्या त्याच दिवशी त्यांनी चाकाच्या खुर्चीतल्या सोळा माजी सैनिकांची, त्यात बायकाही होत्या, धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. बारा वर्षांनी, १९६० साली, रोममध्ये २३ देशांचे चारशे खेळाडू जमले. ते पहिलं पॅरालिम्पिक धरलं जातं.

रोमच्या त्या खेळांत एक झुंजीचा प्रकार होता, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. चाकाच्या खुर्चीवरची तलवारबाजी. दोन्ही खुर्च्या जमिनीला जखडून टाकतात. त्यामुळं मागं पळता येत नाही, बाजूला सरता येत नाही. कमरेच्या वरचं अंग, हात आणि नजर यांवरच सगळं. ज्याला पाय आहेत तो पायांच्या जोरावर वार चुकवतो. इथं दोघांनाही ती सवड नाही, म्हणून लढत बरोबरीची होते. कुणीतरी डोकं लावून जोड लावली होती.

आता आमच्या मातीतल्या माणसाकडं येतो. मुरलीकांत पेटकर. वाळवा तालुक्यातल्या पेठचे, जन्म १९४४ चा. पेठ म्हणजे आमच्या गावापासून सायकलीनं जायचं अंतर. ते सैन्यात ईएमई दलात गेले आणि तिथं मुष्टियुद्ध शिकले. चांगलं नाव काढलं. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांच्या अंगात गोळ्या शिरल्या. एक गोळी कण्यात कायमची राहिली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. वय पुरतं एकवीसही नव्हतं. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. अंगाला व्यायाम म्हणून पाण्यात उतरवलं, आणि पाण्यात या माणसाला पुन्हा लढाई सापडली.

मुष्टियुद्ध मात्र सापडलं नाही, आणि मला वाटतं ही गोष्ट आपण नीट लक्षात घेत नाही. पेटकरांचे हात शाबूत होते, छाती शाबूत होती, जिद्द तर होतीच. पण कमरेखाली लुळ्या असलेल्या माणसासाठी मुष्टियुद्धाची जोड लावायची सोय कुठल्याच स्पर्धेत नव्हती. आजही पॅरालिम्पिकमध्ये मुष्टियुद्ध नाही. त्यांनी रिंगण सोडलं आणि तलाव धरला. अण्णांनी फड सोडला, पण धरायला त्यांच्यापुढं काही नव्हतं. आमच्याकडं पोहायला विहीर होती, पण विहिरीत कुणी स्पर्धा घेत नाही.

१९६८ साली भारत पहिल्यांदा पॅरालिम्पिकला गेला. पेटकर त्या संघात होते, टेबल टेनिस खेळले. ते खेळ खरं तर मेक्सिको सिटीत व्हायचे होते, कारण ऑलिंपिक तिथं होतं. मेक्सिकोनं तांत्रिक अडचणी सांगून नकार दिला. मग इस्रायलनं पुढं होऊन तेल अवीवजवळ ते भरवले. १९७२ ला ऑलिंपिक जर्मनीत म्युनिकला. पण खेळाडूंसाठी बांधलेली घरं ऑलिंपिकनंतर खासगी निवासासाठी द्यायचं आधीच ठरलं होतं. अपंग खेळाडूंना ती मिळाली नाहीत, आणि त्यांचे खेळ हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावी न्यावे लागले. १९८० ला मॉस्कोनं नकार दिला, तेव्हा हॉलंडमधल्या आर्नहेम गावानं ते घेतले. १९८८ साली सोलला ऑलिंपिक झालं त्याच मैदानांवर पॅरालिम्पिकही झालं. १९६४ च्या टोकियोनंतर हे पहिल्यांदाच घडत होतं. मधली चोवीस वर्षं या लोकांना दरवेळी दुसऱ्याच्या दारात जायला लागलं. गावात लग्नाला बोलवायचं, पण पंगत मात्र गोठ्यात बसवायची, तसला हा प्रकार.

त्या हायडेलबर्गमध्ये, ऑगस्ट १९७२ मध्ये, पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ दिली. जागतिक विक्रम झाला आणि सोन्याचं पदक मिळालं. ऑलिंपिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून भारताच्या एकट्या खेळाडूचं हे पहिलं सुवर्ण. त्याच खेळांत ते भालाफेकीत आणि खुर्चीच्या स्लॅलममध्येही उतरले होते. त्यांना परदेशी जायला मदत करणाऱ्यांत क्रिकेटपटू विजय मर्चंट होते. मर्चंट अपंगांसाठी संस्था चालवायचे.

इथं मला गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांची आठवण येते. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांनाही जायला लोकवर्गणी करावी लागली होती. अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ साली अपघातात गेल्यानंतर. पेटकरांना पद्मश्री २०१८ साली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. त्यांच्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट २०२४ ला आला. अर्जुन पुरस्कार जीवनगौरव म्हणून जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. ऐंशी वर्षांचे झाले होते. सातारा-सांगलीच्या या दोन गड्यांची गोष्ट इतकी सारखी आहे, की उशीर फक्त अपंगालाच होतो असं म्हणता येत नाही. पण खाशाबांना लढायला फड तरी होता. पेटकरांचा खेळच त्यांच्या हातातनं गेला होता. हा फरक मोठा आहे.

मग कुस्तीचं काय झालं? आंधळ्या मल्लांची कुस्ती पॅरालिम्पिकमध्ये १९८० ला होती आणि १९८४ लाही होती. नंतर ती गेली. १९८८ पासून तिच्या जागी अंधांचा जुडो आला. जुडो ही जपानची कुस्तीच. अंगरख्याला धरून पाडायचं. डोळस लोकांच्या जुडोत पहिली पकड मिळवण्यासाठीच निम्मी लढाई होते. हात झटकायचा, चकवायचं, दुरून झेप घ्यायची. आंधळ्याला ते जमणार कसं? म्हणून नियम असा केला की दोघांनी एकमेकांची पकड धरायची आणि मगच लढत सुरू व्हायची. पकड सुटून दोघं लांब गेले की थांबवायचं, परत पकड द्यायची. बाकी डाव तेच, पाडणं तेच, चीतपट तीच.

हे वाचलं तेव्हा मी अण्णांना जाऊन सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी नुसती सलामी बदलली. कुस्ती न्हाई बदलली." मी चाळीस वर्षं हा विषय वाचतोय, पण एवढ्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं. नियम बदलणं म्हणजे खेळ सोपा करणं नव्हे. ज्या गोष्टीमुळं माणूस दाराबाहेर राहतो तेवढीच काढायची, आतली कष्टाची बाजू जशीच्या तशी ठेवायची.

या जुडोतही जोडीचा प्रश्न होताच. पूर्ण आंधळा आणि अंधुक दिसणारा यांना बरीच वर्षं एकत्र लढवत. साहजिकच थोडं दिसणाऱ्याचं पारडं जड. २०२२ पासून दोन गट केले. पूर्ण आंधळ्यांचा वेगळा, अंधुक दिसणाऱ्यांचा वेगळा. पॅरिसला २०२४ साली या नव्या पद्धतीनं पहिल्यांदा लढती झाल्या. त्यात ६० किलोच्या आतल्या पूर्ण आंधळ्यांच्या गटात कपिल परमार या मध्य प्रदेशातल्या सीहोरच्या गड्यानं कांस्यपदक घेतलं. पॅरालिम्पिकच्या जुडोतलं भारताचं हे पहिलं पदक.

कपिलची दृष्टी कशी गेली ते प्रत्येक शेतकऱ्यानं ऐकावं. लहानपणी शेतात खेळताना त्याचा हात पाण्याच्या पंपाला लागला आणि विजेचा जबर झटका बसला. कित्येक महिने बेशुद्ध होता. हळूहळू नजर गेली. पुढं भावाबरोबर चहाचं दुकानही चालवलं. आमच्या शिवारात असे पंप बांधाबांधावर आहेत. उघडी वायर, पावसात भिजलेली पेटी, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि रात्रीची लाइट म्हणून अंधारात चाचपडत जाणारा माणूस. मळणीयंत्र आहे, कडबाकुट्टी आहे, ट्रॅक्टरचा फिरता दांडा आहे, त्यात धोतराचा सोगा अडकतो. पेटकरांना युद्धात गोळी लागली. आमच्या माणसाचं अंग रोजच्या कामात जातं, आणि त्याला कुणी पदक देत नाही. अपंगत्व हे दुसऱ्या कुणाचं तरी असतं असं शेतकऱ्यानं तरी म्हणू नये.

कान गेलेल्यांचा इतिहास याहून जुना आहे. बहिऱ्यांचे जागतिक खेळ १९२४ साली पॅरिसला सुरू झाले, पॅरालिम्पिकच्या कितीतरी आधी. हरियाणाच्या झज्जर भागातला वीरेंदर सिंग हा मूकबधिर मल्ल. त्यानं या खेळांत २००५, २०१३ आणि २०१७ अशी तीन सुवर्णपदकं आणली. पद्मश्रीही मिळाली. आणि त्यानंतर तोच गडी सगळी पदकं घेऊन दिल्लीत हरियाणा भवनाबाहेर पदपथावर बसला. मागणी एवढीच की बहिऱ्या खेळाडूंना बाकीच्या अपंग खेळाडूंच्या बरोबरीनं हक्क द्या. बहिऱ्या मल्लाला अडतं काय, तर पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. त्यासाठी पंचानं खांद्याला हात लावला की झालं. आमच्या फडात पंच शिट्टी क्वचितच मारतात, कमरेला हात घालून पैलवान सोडवतात. म्हणजे बहिऱ्या मल्लासाठी गावचा फड आधीपासूनच तयार आहे, फक्त आपल्याला ते ठाऊक नाही.

तसंच हात नसलेल्यांचं. टोकियोच्या पॅरालिम्पिकपासून तायक्वांदो आलं. ते मुख्यतः हाताला इजा असलेल्यांसाठी आहे. गुण मिळतात ते छाती-पोटावर मारलेल्या लाथांचे. एका हाताचा गडी एका हाताच्या गड्याशी लढतो. अण्णांना १९७६ ला जे पाहिजे होतं ते हेच. पंचक्रोशीत कडबाकुट्टीनं हात गेलेले त्या काळी चार-पाच जण तरी होते. कुणाच्या डोक्यात त्यांना एकमेकांशी लावायचं आलं नाही, कारण प्रत्येकजण आपापल्या घरात बसून होता.

कायद्याचं म्हणाल तर १९९५ ला एक झाला, २०१६ ला दुसरा. नव्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरलेत, आणि सार्वजनिक जागी जाता-येता आलं पाहिजे असं त्यात स्पष्ट आहे. पण कायदा दिल्लीत होतो आणि पायरी गावात असते. जुन्या तालमींचं दार मुद्दाम बुटकं ठेवायचे, आत जाताना मान वाकावी म्हणून. हेतू चांगला, हनुमंतापुढं सगळे सारखे. पण ज्याला वाकताच येत नाही, किंवा ज्याची खुर्ची उंबऱ्याला अडते, त्याचं काय, हे बांधणाऱ्यानं बघितलेलं नसतं. कोल्हापूरच्या खासबागेत शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी असं मैदान बांधून घेतलं, की लांब बसलेल्यालाही मधली माती दिसावी. कुस्ती सगळ्यांना दिसली पाहिजे, हा विचार आपल्याकडं होता. तो पुढं न्यायचं तेवढं राहिलं.

आमच्या गावची तालीम दोन वर्षांपूर्वी नव्यानं बांधली. फरशी, पंखे, रंग, सगळं झालं. दाराला तीन पायऱ्या. गावात एक विशीतला पोरगा आहे, नारळाच्या झाडावरनं पडून पाय गेलेत. खुर्चीवर असतो. हातात जोर असा की एका हातानं करेला फिरवतो. तो रोज संध्याकाळी तालमीच्या बाहेर रस्त्यावर खुर्ची लावून आतला आवाज ऐकत बसायचा. मी आणि चार जणांनी गावच्या कारभाऱ्यांना म्हटलं, पायऱ्यांच्या बाजूला उतार करा. एकजण म्हणाला, "पाय नसलेल्याला तालमीत काय काम?" अण्णा तिथंच बसले होते. पंचाहत्तरीकडं आलेत आता. म्हणाले, "मुद्गल पायानं फिरवत्यात व्हय रं?" लोक हसले, पण विषय पुढं सरकला.

उताराचा हिशोब असा असतो. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आमच्या तीन पायऱ्या सहा-सहा इंचाच्या, म्हणजे दीड फूट उंची, म्हणजे अठरा फूट उतार. अठरा फूट जागा काढायची तर दाराजवळ मोटारसायकली लावतात ती जागा जाते, आणि म्हाताऱ्यांचा बसायचा कट्टाही सरकवावा लागतो. त्यावरनं दोन बैठका झाल्या, आवाज चढले. कट्टा उत्तरेला घ्यायचा ठरला, तिकडं सावलीही बरी आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही टेप घेऊन मोजमाप केलं. अण्णांनी डाव्या हातानं एक टोक दाराशी धरलं, मी दुसरं घेऊन कट्ट्यापर्यंत गेलो, आणि त्या पोरानं खुर्चीवरनं वाकून फक्कीची रेघ मारली. साडेअठरा फूट भरलं. वाळूची एक खेप मी देणार आहे, सिमेंट वर्गणीतनं येईल. जत्रा चैत्रात आहे, त्याआधी काम व्हायला पाहिजे.